एक गाणे राजकीय कधी झाले?

१/ सेर्गेई सोलोव्योव यांच्या 'आस्सा' (१९८७) या सोव्हिएत चित्रपटाचा शेवट जरूर पाहावा. हिवाळ्यातले याल्टा. एक तरुण गायक उपाहारगृहात नोकरी मागायला येतो. व्यवस्थापिका त्याला नियमावली वाचून दाखवू लागते. तो मध्येच उठून चालू लागतो, थेट रंगमंचावर चढतो. तिचे वाचन मात्र चालूच राहते! गाणे सुरू होते आणि उपाहारगृहाच्या जागी हातांत ज्योती घेतलेला प्रचंड जनसमुदाय दिसू लागतो. हे दृश्य मॉस्कोच्या गॉर्की पार्कमधील खुल्या नाट्यगृहात चित्रित झाले.

२/ हा गायक म्हणजे व्हिक्टर त्सोय. गाणे 'पेरेमेन', अर्थात 'बदल'. त्याच्या बँडचे नाव 'किनो', म्हणजे चक्क 'सिनेमा'.

३/ १९८१ मध्ये स्थापन झालेल्या लेनिनग्राड रॉक क्लबमध्ये गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत. कॅसेटवरून कॅसेट उतरवत ही गाणी देशभर पोहोचली. त्सोय स्वतः पोटासाठी एका बॉयलरघरात कोळसा ओढत असे.

४/ आता मूळ प्रश्न. 'पेरेमेन'मध्ये ना पक्षाचे नाव आहे, ना नेत्याचे. आहे ती रिकामी काडेपेटी, स्वयंपाकघरातला गॅस, टेबलावरचा चहा. केवळ शब्द वाचून त्याला राजकीय घोषणा म्हणणे मला घाईचे वाटते. पण १९८५ पासून गोर्बाचेव्ह सत्तेवर होते, 'पेरेस्त्रोइका' हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात होता आणि अशा वेळी पडद्यावर हजारो लोक या गाण्यासाठी उभे दिसले. गाण्याचा अर्थ त्या गर्दीने ठरवला. गंमत अशी, की 'आस्सा'ची निर्मिती 'मोसफिल्म'ची, म्हणजे सरकारी स्टुडिओची!

५/ १५ ऑगस्ट १९९० रोजी लाटव्हियात मोटार अपघातात त्सोयचा मृत्यू झाला. वय अवघे २८. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

६/ गाणे मात्र थांबले नाही. ऑगस्ट २०२०, बेलारूसमधील अध्यक्षीय निवडणुकीला अवघे तीन दिवस उरलेले. मिन्स्कमध्ये विरोधकांना सभेसाठी जागा मिळू नये म्हणून भरवलेल्या सरकारी कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी अचानक 'पेरेमेन' लावले. जमलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. न्यायालयाने दोघांनाही दहा दिवसांची कोठडी सुनावली.