निपाणी-चिकोडीतील डिझेल पंपाची दुरुस्ती
निपाणी-चिकोडी भागातली वाहनदुरुस्ती पुणे-बंगळूर महामार्गाच्या आणि तंबाखू-उसाच्या वाहतुकीच्या आधाराने वाढली. जुन्या गाड्यांचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक असे. असे पंप बनवणारी बंगळूरची मायको कंपनी १९५१ साली स्थापन झाली. टाकी कोरडी पडली की मिस्त्री फीडपंपाचा दट्ट्या मारून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढी. ही विद्या कानाची आणि बोटांची. उस्तादाच्या हाताखालीच ती यायची. १९८६ च्या टाटा ४०७ ला तीच पुरली, २००५ च्या टाटा एसलाही.

देशभर २०१७ मध्ये बीएस-४ आणि २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि पिकअपमध्ये कॉमन रेल इंधनप्रणाली रूढ झाली. आता किती डिझेल द्यायचे हे इंजिनाचा संगणक ठरवतो. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्रोल गाड्यांत तर पंप टाकीतच असतो; काहींमध्ये त्याचा वेग वेगळे नियंत्रण मॉड्यूल ठरवते. अशी गाडी सुरू होईना की थेट मॉड्यूल बदलणे हा महागडा उतावळेपणा. आधी फ्यूज, रिले, अर्थिंग आणि गंजलेले कनेक्टर तपासतात. मॉड्यूलपर्यंत वीज पोहोचते, पुढे पंपाला मिळत नाही, असे मीटरने दिसले तरच बॅटरीची ऋण तार सोडवून ते बदलतात. काही गाड्यांत नव्या मॉड्यूलला स्कॅनरने गाडीची ओळख करून द्यावी लागते.