डोळ्याविषयी डार्विनची कबुली : संपादकीय तळटीप

१. डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला असेल ही कल्पना सकृद्दर्शनी हास्यास्पद वाटते, ही डार्विनची कबुली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या (१८५९) सहाव्या प्रकरणात आहे. निर्मितीवादी लेखक ती आवर्जून उद्धृत करतात आणि तिला लागूनच आलेले उत्तर गाळतात. हा डार्विनवर उघड अन्याय आहे. ‘अर्धा डोळा काय कामाचा?’ या आक्षेपाला जिवंत प्राणीच उत्तर देतात. प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या डोळ्यात भिंग नसते, रंगद्रव्याची नुसती वाटी असते; तिच्यामुळे उजेडाची दिशा कळते आणि तेवढ्याने त्याचे भागते. नॉटिलसच्या डोळ्यातही भिंग नाही, बारीक छिद्रातूनच प्रतिमा उमटते. निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी १९९४ मध्ये मुद्दाम प्रतिकूल गृहीतके धरून हिशेब मांडला, तेव्हा प्रकाशसंवेदी पेशींच्या सपाट थरापासून भिंगयुक्त डोळ्यापर्यंतच्या प्रवासाला ४ लाखांहून कमी पिढ्या पुरेशा ठरल्या. प्रकाशसंवेदी पेशी मुळात कशी आली, हे मात्र या हिशेबात येत नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा.

डोळ्याची रचना निर्दोष आहे, हा दावाही तपासायला हवा. आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या पुढून जातात आणि ते बाहेर पडतात तिथे अंधबिंदू उरतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागून निघतात, त्यामुळे अंधबिंदू नाही. दृष्टिपटलातील म्यूलर पेशी प्रकाश आतपर्यंत पोचवतात, म्हणून ही रचना सदोष नाही, असे यावर सांगितले जाते. पेशींचे ते कार्य खरे आहे, परंतु त्याने अंधबिंदू नाहीसा होत नाही.