तळें आणि त्याचे दोन राखणदार

या महोत्सव-स्मरणिकेच्या निमित्तानें आपल्या गोंदिया जिल्ह्याचा इतिहास सांगूं लागावें, तर तळ्यांपासूनच आरंभ करणें प्राप्त आहे. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजानें हीं तळीं बांधिलीं. नवेगांवबांधचें तळें कोलू पाटील कोहळी यांनीं बांधिलें, अशी परंपरा आहे. त्या पाण्यावर धान पिकलें, आणि त्यांतच जाळें टाकून ढिवर बांधवांनीं आपला संसार केला.

1951 सालीं मालगुजारी नष्ट होऊन तळीं सरकारकडे गेलीं. ढिवरांच्या सहकारी संस्थांस मासेमारीचा ठेका तेवढा मिळूं लागला. उत्पन्न वाढावें म्हणून रोहू, कतला व मृगळ यांचें बीज सोडण्याची रीत पडली. परंतु हे मासे वाहत्या नदीचे. साचलेल्या पाण्यांत ते अंडीं घालीत नाहींत, म्हणून बीज पुन्हां पुन्हां विकत घ्यावें लागतें. इकडे कांठावर बेशरमीचीं झुडपें माजलीं, पाणवनस्पती घटल्या, आणि त्यांच्या आश्रयानें वाढणारे देशी मासेही घटले.

त्याच काळांत 1972 चा वन्यजीव कायदा आला व 1975 सालीं नवेगांव राष्ट्रीय उद्यान झालें. वन्य जीव राखणें योग्यच. परंतु अशा कायद्याच्या दृष्टीनें जाळें घेतलेला मनुष्य सहज संशयास पात्र होतो. निसर्गरक्षक एका कांठावर व ढिवर दुसऱ्या कांठावर, अशी स्थिति झाली.

हें अंतर एका साध्या गोष्टीनें कमी झालें: निसर्गाभ्यासकांनीं ढिवरांस प्रश्न विचारिले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनीं पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांकडून तळें समजून घेतलें. कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशीं वाढतो, कोणता पक्षी कशासाठीं उतरतो, हें सर्व ज्ञान त्यांच्या मुखीं होतें. मग उभयतांनीं मिळून अर्जुनी मोरगांव परिसरांत बेशरम मुळासकट उपटली, तळ्याच्या कोरड्या भागाची नांगरट केली, व पाणवनस्पती लाविल्या. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रियाही या कामांत पुढें आल्या. देशी मासे वाढले, तसे पक्षीही परतले.

वाचकहो, आम्हांस यांत एक बोध दिसतो. ज्याचें पोट तळ्यावर आहे, त्यास वगळून तळें राखतां येणार नाहीं. आणि तळें न राखतां त्याचें पोटही भरणार नाहीं. मात्र ढिवरांचा हक्क अजूनही ठेक्याच्या मुदतीपुरताच असतो. मुदत संपल्यावर त्यांनीं लाविलेल्या वनस्पती कोणी राखाव्या? या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत ही मैत्री अर्धीच म्हणावी लागेल.