ब्राउहाउस, कोलोनची
जर्मनीतील कोलोन शहराची पारंपरिक बिअरगृहे व खाणावळी. येथे कोल्श ही फिकट सोनेरी बिअर ०.२ लिटरच्या उंच, अरुंद पेल्यात देतात. ती लवकर शिळावते, म्हणून पेला लहान.

निळ्या पेहरावातला वाढपी, ‘कोबेस’, हा इथला खरा मानकरी. रिकामा पेला दिसला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. शेवटी रेघा मोजून हिशेब. त्याचा फटकळपणा प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकांना तोच भावतो.

जेवणात राय-पाव, गौडा चीज, कांदा, मोहरीची चटणी. किंवा कुस्करलेला बटाटा, सफरचंद व परतलेले रक्त-सॉसेज.

कॅथेड्रलजवळचे ‘फ्र्यू’ हे ब्राउहाउस १९०४ पासूनचे. ब्राउहाउस कुठलेही असो, पिणे पुरे झाले की चकती पेल्यावर ठेवावी, नाहीतर पुढचा पेला येतोच.