आशयसूचनेचं कूळ जांबेत

'यमुनापर्यटन' हे नाव आपण अर्धंच घेतो. बाबा पदमनजींच्या 1857 सालच्या या पुस्तकाचं, म्हणजे मराठीतल्या पहिल्या कादंबरीचं, पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं आहे. आत विधवांचे हाल वाचावे लागणार, हे पान उलटण्याआधीच कळतं. आज काही कादंबऱ्यांच्या आरंभी 'यात आत्महत्येचे, लैंगिक हिंसेचे प्रसंग आहेत' अशी ओळ असते. ही कंटेंट वॉर्निंग अमेरिकेतून आली, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तिचं मराठी कूळ निराळं आहे आणि ते जालना जिल्ह्यात सापडतं.

अमेरिकेतली हकिकत सर्वांना ठाऊक आहे. 1980 साली आघातानंतरच्या ताणविकाराला तिथे अधिकृत निदानाचा दर्जा मिळाला, पुढे स्त्रियांच्या गटांत पूर्वसूचनेची रीत पडली आणि 2014च्या सुमारास विद्यापीठांत तिच्यावरून वाद पेटला.

या सूचनेच्या कुळाचा मराठीत दुसरा दावेदार आहे 'फक्त प्रौढांसाठी' ही पाटी. तिचं मूळ सिनेमाच्या कायद्यात, 1949च्या दुरुस्तीत आहे. छापील कथेला सेन्सॉर नव्हता, तरी अश्लीलतेविरुद्धचं फौजदारी कलम 292 होतंच. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात आली. त्यावरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली काकोडकर निर्दोष सुटले. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकात रक्ताच्या लाल डागावर सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना आधी सांगितलं. पण या साऱ्या सूचना कायद्याकडे पाहून दिलेल्या. वाचणाऱ्याच्या मनाला काय झेपेल, हा प्रश्न त्यांत कुठेच नाही.

तो प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगायची प्रथा होती. त्यांतला 'अधिकारी' म्हणजे हे ऐकायला सिद्ध असलेला माणूस. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ही प्रथा सोप्या मराठीत आणली. त्यांच्या 'दासबोधा'चा पहिलाच समास, म्हणजे पहिलंच प्रकरण, ग्रंथ कोणता, त्यात काय आहे आणि ऐकून काय मिळेल, हे श्रोत्यांच्या तोंडून विचारून सांगतो. दहा-दहा समासांच्या दशकांपैकी तिसऱ्यात गर्भवासाचं अंगावर येणारं वर्णन आहे. त्या समासाचं नाव 'जन्मदुःखनिरूपण'. पुढचा एक समास 'मृत्युनिरूपण'. दुखऱ्या विषयाचं नाव घ्यायचं आणि त्याला 'निरूपण' जोडायचं, हीच घडण पदमनजींच्या कादंबरीच्या नावात आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, पदमनजी मिशनच्या शाळेत शिकलेले आणि 1854 साली ख्रिस्ती झालेले, आणि रिचर्डसनच्या 1740च्या 'पामेला' या इंग्रजी कादंबरीलाही असंच 'अथवा'ने जोडलेलं दुहेरी नाव आहे. मान्य. 'अथवा' तिकडचा. पण पदमनजी हिंदू घरात वाढले होते आणि 'निरूपण' हा कीर्तन-प्रवचनातला शब्द तिकडून येणं शक्य नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. पोथीत समासाचं नाव अखेरीस, 'इति श्रीदासबोधे'च्या ओळीत येतं, मग ती पूर्वसूचना कशी? माझं उत्तर असं की, सबंध ग्रंथाची पूर्वसूचना पहिल्या समासाने आधीच दिलेली असते आणि छापील प्रतींत समासाचं नाव माथ्यावर चढलं. पदमनजींनी 'दासबोध' समोर ठेवूनच नाव बेतलं, याचा लेखी पुरावा माझ्याजवळ नाही. पण ही वहिवाट त्यांच्या कानावर होती, याबद्दल मला शंका नाही.

2023 साली कंटेंट वॉर्निंगवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. अशा सूचनांनी वाचकाचा त्रास कमी होत नाही, उलट वाचण्याआधीची धास्ती थोडी वाढते, असं त्यात दिसलं. तो निष्कर्ष मला मान्य आहे. पण समर्थांनी विषय आधी सांगितला तो श्रोत्याचा मान राखायला. त्यात उपचाराचा दावा नव्हता. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाड्यात शेतीच्या वाताहतीवरची कादंबरी ज्याच्या हाती पडेल, त्याच्या घरातलंच कुणी गेलेलं असू शकतं. मराठी प्रकाशकांना माझी विनंती आहे: आतल्या पानावर 'या कादंबरीत' अशी सुरुवात करून विषयाची एक ओळ छापा. ही उसनी फॅशन नव्हे, आपल्या पहिल्या कादंबरीचा रिवाज आहे.