समुद्रांतील मत्स्यवैपुल्य व दप्तरांचा पुरावा

समुद्रांत एके काळीं मासळी किती होती, या प्रश्नाचा निर्णय आज केवळ समुद्र पाहून होणें शक्य नाहीं. त्यासाठीं जुन्या कागदांकडेच वळावें लागतें. या बाबतींत इंग्लंडचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें.

पहिला कागद इ. स. १३७६-७७ मधील. तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटपुढें आलेल्या या अर्जांत तक्रार अशी कीं, तळावरून ओढण्याच्या एका नव्या जड जाळ्याची वीण फार बारीक असून, त्यांत सांपडणारीं असंख्य पिलें डुकरांस चारलीं जातात. म्हणजे ही तक्रार आगबोटींहून पांच शतकें जुनी आहे.

पुढें १८८३ सालीं थॉमस हक्सले यांनीं लंडन येथें असें प्रतिपादन केलें कीं, कॉड, हेरिंग इत्यादि मोठीं मत्स्यक्षेत्रें तत्कालीन पद्धतींनीं संपणारीं नाहींत. परंतु त्याच दशकांत शिडांच्या नौकांबरोबर आगबोटीही जाळीं ओढूं लागल्या, आणि त्या मताचा आधारच पालटला.

१८८९ पासूनच्या सरकारी नोंदींवरून ११८ वर्षांचा हिशेब २०१० सालीं प्रसिद्ध झाला. १८८९ मध्यें बहुतांशीं शिडांच्या ताफ्यानें आणलेली तळची मासळी एकविसाव्या शतकारंभींच्या यांत्रिक ताफ्याच्या सुमारें दुप्पट होती. आणि ताफ्याच्या शक्तीच्या मानानें पाहतां मिळकत ९४ टक्क्यांनीं घटली होती.

हा ऱ्हास निसर्गतःच झाला नसेल कशावरून, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर अन्वयव्यतिरेकानें मिळतें. १९१४-१८ व १९३९-४५ या युद्धकाळांत उत्तर समुद्रांतील मासेमारी पुष्कळशी थांबली, तेव्हां मासे संख्येनें व आकारानें वाढले. ती पुन्हा सुरू होतांच ते घटले.

प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणींचा समुद्रच मूळचा समजते, हें डॅनियल पॉली यांनीं १९९५ सालीं दाखविलें. या भ्रमावर अस्सल कागद हाच उतारा होय.

आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ सालीं निघाली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे. त्यापूर्वींच्या कोंकणकिनाऱ्याची साक्ष बंदरांचे जमाखर्च, मासळीच्या व्यापाराच्या वह्या, कोळीवाड्यांतील घरगुती टिपणें अशा कागदांतच मिळण्याचा संभव. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, सनदा व बखरी शोधतांना असे कागद हातीं आल्यास ते क्षुल्लक म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत.