आडनावाचे आद्याक्षर

म्हैसूरजवळच्या येलवाल येथे 21 व 22 सप्टेंबर 1957 रोजी ग्रामदान-परिषद भरली. तीत अग्रभागी असलेल्या विनोबांच्या 'भावे' या आडनावात गाव नाही. त्या वेळचे म्हैसूरचे मुख्यमंत्री एस्. निजलिंगप्पा यांच्या नावात मात्र सिद्दवनहळ्ळी हे गाव आद्याक्षर होऊन पुढे उभे आहे. कानडी रीत गाव आधी ठेवते. मराठी रीत त्याला 'कर' जोडून शेवटी नेते. डच 'व्हान डाइक', म्हणजे बांधाकाठचा, यातील 'व्हान' हा आपल्या 'कर'चाच सोयरा, पण शब्दाच्या डाव्या अंगाला बसलेला. नेदरलँड्समध्ये 1811 च्या नेपोलियनी फर्मानाने आडनावाची नोंद सक्तीची केली. दक्षिणेतील मराठी घराण्यांच्या आडनावांचा संकोच कोणत्याही फर्मानावाचून झाला.

व्ही. पी. माधवराव यांचेच पाहावे. जन्म कुंभकोणमच्या मराठी घराण्यातला. 1906 ते 1909 म्हैसूरची दिवाणगिरी. 'पी' म्हणजे पाटणकर! आडनाव शेवटून मध्ये सरकले आणि एका अक्षरात मिटले. त्या अक्षरात कोणी कानडी वाचक गाव शोधू लागला, तर त्याची अगदीच चूक म्हणता येणार नाही. गाव तेथे आहेच, फक्त ते तंजावर प्रांतातले नव्हे. मराठी लेखकाने तरी ते अक्षर सोडवून पूर्ण लिहावे.